संगीत कार्यक्रमांचे कमी प्रकाशातील छायाचित्रण

संगीत कार्यक्रमांचे कमी प्रकाशातील छायाचित्रण ही छायाचित्रणाची एक शाखा आहे. नाट्यगृह, मंडप, मैदान किंवा रात्रीची मिरवणूक अशा ठिकाणी जो प्रकाश असेल त्याच प्रकाशात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांची छायाचित्रे घेणे, असे तिचे स्वरूप आहे. वाद्यवृंद, लग्नाच्या वरातीतील बँडपथक, शास्त्रीय गायनाची मैफल, हलगी व लेझीम पथके हे सर्व तिचे विषय होत. येथील मुख्य अडचण दुहेरी असते. प्रकाश अपुरा असतो आणि विषय सतत हलत असतो. स्टुडिओत दिवा सरकवता येतो, समोरच्याला क्षणभर थांबवता येते. मैफलीत यांपैकी काहीच करता येत नाही. त्यामुळे या छायाचित्रणातील यश कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा संगीताच्या जाणकारीवर अधिक अवलंबून असते.

प्रकाशाचे स्वरूप

‘कमी प्रकाश’ हा एकच एक प्रकार नाही. सोलापूर शहराचे उदाहरण घेतल्यास त्याच्या किमान तीन तऱ्हा दिसतात. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह यांसारख्या बंदिस्त जागी रंगमंचावर दिवे असतात आणि प्रेक्षागृहात अंधार असतो. कलावंताचा चेहरा उजळ आणि पाठीमागचा पडदा जवळजवळ काळा, असा तीव्र विरोध तेथे असतो. पण दिव्यांची जागा ठरलेली असल्यामुळे एकदा मेळ बसवला की तो बराच वेळ टिकतो.

उघड्यावरील मंडपात रंगीत एलईडी दिवे, धूर सोडणारी यंत्रे आणि पाठीमागे मोठा एलईडी पडदा असतो. येथे प्रकाशाचे प्रमाण पुष्कळ असले तरी तो दर क्षणाला बदलतो.

तिसरी तऱ्हा मिरवणुकीची. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यापासून निघते. शहराभोवतीच्या ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी सकाळी निघालेली ही मिरवणूक परतेपर्यंत रात्र होते. जानेवारीच्या मध्यास सोलापुरात सूर्यास्त सहा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी होतो, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत छायाचित्रकाराजवळ उरतो तो रस्त्यावरच्या खांबांचा, दुकानांचा आणि रोषणाईचा प्रकाश. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतील लेझीम पथकांची स्थितीही अशीच. वाजवणारे चालत असतात, म्हणून एकाच चेहऱ्यावर चार पावलांच्या अंतराने कधी पिवळा उजेड असतो, कधी निळा, तर कधी काहीच नसते. तिन्हींमध्ये ही तऱ्हा सर्वांत अवघड मानावी लागते.

वरातीतील बँडपथकाचा प्रकाश त्याच्यासोबतच चालतो. पूर्वी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे दोन्ही बाजूंना असत. आता जनित्रावर चालणारे विजेचे दिवे असतात. हा उजेड बाजूने आणि वरून येतो, त्यामुळे टोपीच्या कडेची सावली वादकाच्या डोळ्यांवर पडते. वादक दिव्याकडे मान वळवण्याची वाट पाहणे किंवा दिवा त्याच्या पुढे येईल अशा बाजूला स्वतः सरकणे, एवढेच उपाय त्यावर आहेत.

झडप, छिद्र आणि संवेदनशीलता

छायाचित्रात किती प्रकाश नोंदला जावा हे तीन गोष्टी ठरवतात. झडप किंवा शटर किती काळ उघडे राहते, भिंगाचे छिद्र म्हणजे ॲपर्चर किती मोठे आहे, आणि मिळालेल्या प्रकाशाला कॅमेरा किती वाढवून घेतो, म्हणजेच आयएसओ किती आहे. दिवसा या तिघांत तडजोड सहज होते. रात्री एकाला सवलत दिली की दुसऱ्याला ती भरून द्यावी लागते.

मैफलीच्या छायाचित्रणात प्रथम झडपेचा वेग ठरवावा, हा नियम बहुतेक वेळा उपयोगी पडतो. कारण साधे आहे. वादकाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने फिरत असेल, तर १/६० सेकंदात तो तीन सेंटिमीटरहून अधिक सरकतो आणि चित्रात बोटांऐवजी धुरकट पट्टा उमटतो. तोच हात १/५०० सेकंदात अवघा चार मिलिमीटर सरकतो. बसून गाणाऱ्या गायकासाठी १/१०० ते १/१२५ सेकंद सहसा पुरतात, ढोलकी किंवा ड्रमसाठी १/२५० च्या पुढे जावे लागते, आणि उडी मारून लेझीम उघडणाऱ्या मुलांसाठी त्याहूनही पुढे. कॅमेऱ्यातील किंवा भिंगातील कंपरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप कमी करते. कलावंताची हालचाल ती थांबवू शकत नाही. नवशिक्यांची मोठी फसगत येथेच होते. १/१५ सेकंदात पडदा, खांब आणि हार्मोनियम लख्ख येतात, आणि गाणारा मात्र पुसट होतो.

छिद्राचा आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ वापरल्यास चौपट प्रकाश आत येतो, आणि एफ/१.८ वापरल्यास सुमारे दसपट. कॅमेऱ्यासोबत मिळणारे नेहमीचे झूम भिंग लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ एवढेच उघडते. म्हणून ५० मिलिमीटर, एफ/१.८ यांसारखे स्थिर अंतराचे, तुलनेने स्वस्त भिंग या कामासाठी विद्यार्थ्यांना सुचवले जाते. साध्या नाट्यगृहातील प्रकाशात एफ/२.८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० ही सुरुवात म्हणून चालण्यासारखी मांडणी आहे. उजेड मंद असेल तर आयएसओ ३२०० किंवा ६४००.

मोठ्या छिद्राचीही किंमत असते. पूर्ण आकाराच्या संवेदकावर ८५ मिलिमीटरचे भिंग एफ/१.८ वर ठेवून चार मीटरवरच्या गायकावर रोखले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पाव मीटर खोलीचा असतो. गायिकेचा डोळा स्पष्ट आला तर पुढे आलेला हात पुसट होतो, आणि मागे बसलेल्या तानपुरावादकाचा नुसता आकार उरतो. अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडतो आणि पुष्कळदा चेहऱ्याऐवजी मायक्रोफोनच्या चकाकत्या जाळीवर स्थिरावतो. फोकसचा मधला बिंदू निवडून तो डोळ्याच्या कडेवर धरल्यास चुका कमी होतात. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्यातून पडणारा छोटा दिवा मात्र बंद करून ठेवावा. तो थेट कलावंताच्या डोळ्यांवर जातो.

कणकण आणि तिची कारणे

आयएसओ वाढवल्यावर चित्रात रवाळ कणकण दिसू लागते, तिला नॉइज म्हणतात. ती आयएसओमुळे निर्माण होते असा समज सर्वत्र आहे, पण मूळ कारण प्रकाशाची टंचाई हे आहे. प्रकाश कणाकणांनी येतो आणि कण कमी असले की त्यांची वाटणी असमान होते. सोलापूरकडे वळवाचे पहिले तुरळक थेंब अंगणातील फरशांवर पडताना एका फरशीवर तीन, शेजारच्या फरशीवर एकही नाही असे दिसते. सर लागली की सगळ्या फरशा सारख्याच भिजतात. संवेदकावरही हेच घडते. प्रकाश चौपट झाला की कणकणीच्या तुलनेत चित्राची स्पष्टता दुप्पट होते.

यातून एक व्यवहार्य निष्कर्ष निघतो. आयएसओ कमी ठेवून काळपट चित्र घ्यायचे आणि नंतर संगणकावर ते उजळायचे, ही युक्ती सहसा अंगाशी येते. प्रकाश तेवढाच कमी नोंदलेला असल्यामुळे कणकण तर राहतेच, आणि सावल्यांतील रंगही बिघडतात. आवश्यक तो आयएसओ निर्धास्तपणे वापरावा. कणकण संगणकावर बरीच कमी करता येते, वर्तमानपत्रात किंवा छोट्या आकारात ती दिसतही नाही. हलल्यामुळे पुसट झालेला चेहरा मात्र खात्रीने दुरुस्त करता येत नाही.

तालाची जाण

प्रत्येक हालचालीत एक थांबा असतो. वर उचललेली ड्रमची काठी खाली येण्यापूर्वी सर्वांत वरच्या बिंदूवर क्षणभर थबकते. हलगीवाल्याचा हात, लेझमीची पूर्ण उघडलेली साखळी, तान संपवून स्थिरावलेला गायकाचा पंजा या सर्वांना हेच लागू पडते. त्या क्षणी वेग जवळजवळ शून्य असल्याने १/१२५ सेकंदातही स्पष्ट चित्र मिळू शकते. म्हणजे थांबा अचूक हेरणारा छायाचित्रकार तिप्पट-चौपट प्रकाश फुकटात मिळवतो. मात्र थांबा दिसल्यानंतर बटण दाबल्यास उशीर झालेला असतो. तो येणार हे आधी कळावे लागते, आणि ते ताल सांगतो.

हिंदुस्थानी संगीतात तिहाई हे याचे उत्तम उदाहरण आहे. एकच बोलसमूह तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर पडतो. पहिल्या फेरीत तिहाई ओळखता आली, तर दुसऱ्या फेरीत चौकट आणि फोकस ठरवता येतो, आणि तिसऱ्या फेरीच्या अखेरीस बटण दाबता येते. गायक आणि तबलावादक एकमेकांकडे पाहून हसतात तेही बहुधा याच वेळी. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट चालू शकते. त्यात घाई करण्याचे कारण नसते, आणि आलापीत १/६० सेकंदही पुरतो. द्रुत बंदिशीत तोच वेग निरुपयोगी ठरतो. एकाच कलावंताच्या एकाच बैठकीत मांडणी दोनदा-तीनदा बदलावी लागते ती यामुळे.

बँडपथकात खूण वेगळी असते. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले असताना चेहरा ताणलेला दिसतो. ओळ संपवून श्वास घेण्यासाठी तो वाद्य ओठांपासून किंचित दूर नेतो, तेव्हा चेहरा मोकळा होतो आणि नजर वर येते. चित्रपटगीतांची चाल ओळखीची असल्यामुळे ओळ कोठे संपणार हे सामान्य श्रोत्यालाही ठाऊक असते. उभ्याने गाणाऱ्या गायकाच्या बाबतीत मायक्रोफोन तोंडावर येणार नाही अशी बाजू निवडावी. उजव्या हाताने तो धरणाऱ्याचे चित्र बहुधा त्याच्या डाव्या बाजूने चांगले येते.

हलगी वाजवण्यापूर्वी चामडे ताणले जावे म्हणून ती आगीवर शेकण्याची पद्धत आहे. कागद किंवा पालापाचोळा पेटवून चार-पाच वादक त्याभोवती वाकलेले असतात, आणि खालून येणारा तांबूस उजेड चेहरे व हलगीचे वर्तुळ एकदम उजळतो. मिरवणुकीची वाट पाहत पुढच्या चौकात उभे राहणाऱ्यांना हे दृश्य मिळत नाही. छायाचित्रकाराने थोडे लवकर पोहोचावे यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

पांढरे कपडे, काळी पार्श्वभूमी

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. काळ्या पडद्यापुढे एकच उजळ चेहरा असेल तर मापकाला सारेच अंधारलेले वाटते. तो प्रकाश वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. सिद्धेश्वर यात्रेतील भाविक पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. चौकट पांढऱ्या पोशाखांनी भरली की उलट चूक होते आणि बाराबंदी मळकट करडी उतरते. रात्री मात्र त्याच बाराबंदीवर दिव्याचा झोत पडून कापडाचे पोत नाहीसे होते. पितळी वाद्यांवरील चकाकीही अशीच फसवते. केवळ चेहऱ्यावरचा प्रकाश मोजणारी बिंदुमापन पद्धत वापरणे, किंवा चेहऱ्यावरून एकदा मांडणी निश्चित करून ती हाताने कायम ठेवणे, हे दोन्ही उपाय स्वयंचलित पद्धतीपेक्षा विश्वसनीय आहेत. पांढऱ्याचे पोत टिकले नाही तर ते नंतर परत आणता येत नाही. म्हणून संशय असेल तेथे किंचित काळपट चित्र पत्करावे.

रंगीत एलईडी दिवे, पट्टे आणि आवाज

निव्वळ लाल किंवा निळ्या दिव्यात संवेदकाचा एकच रंगगट भरून वाहतो आणि बाकीचे रिकामे राहतात. चेहऱ्याचे तपशील जाऊन एकसंध रंगाचा डाग उरतो. रॉ स्वरूपात चित्र साठवल्यास थोडीफार दुरुस्ती होते. न झाल्यास कृष्णधवल रूपांतर हा जुना आणि सन्मान्य मार्ग आहे. सर्वांत चांगले म्हणजे दिव्यांचा क्रम दोन गाण्यांपर्यंत नुसता पाहणे. पांढरा झोत केव्हा येतो हे त्यावरून लक्षात येते. लेझरचा किरण थेट भिंगात शिरल्यास संवेदकाला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा अशा वेळी कॅमेरा वळवावा.

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/५०० सेकंदासारख्या वेगात चित्रावर आडवे पट्टे उमटतात किंवा लागोपाठच्या चित्रांचा उजेड वेगवेगळा येतो. १/१०० किंवा १/५० सेकंदात चढउताराची पूर्ण आवर्तने सामावतात आणि पट्टे टळतात.

येथे एक खरा पेच उद्भवतो. यांत्रिक झडपेचा खटका शांत आलापीत चार रांगांपर्यंत ऐकू जातो आणि श्रोत्यांचा रसभंग करतो. आवाज न करणारी इलेक्ट्रॉनिक झडप संवेदक ओळीओळीने वाचते, त्यामुळे पट्ट्यांचा दोष तिच्यात अधिक दिसतो. दोन्ही साधेलच असे नाही. आलापीत मूक झडप आणि १/१०० सेकंद, तबला सुरू झाल्यावर यांत्रिक झडप आणि वाढवलेला वेग, ही वाटणी बऱ्याच ठिकाणी चालते. ढोल-ताशापुढे अर्थातच हा प्रश्न उरत नाही.

फ्लॅशचा वापर

अंतर चौपट झाले की फ्लॅशचा प्रकाश सोळावा हिस्सा उरतो. म्हणून बाराव्या रांगेतून मारलेला फ्लॅश रंगमंचापर्यंत नावालाच पोहोचतो आणि पुढच्या श्रोत्यांची डोकी तेवढी लख्ख उजळतो. शिवाय तो रंगमंचावरील प्रकाशयोजना पुसून टाकतो. याहून गंभीर भाग कलावंताचा आहे. डोळे मिटून स्वर लावणाऱ्याला किंवा एकमेकांच्या नजरेवर लय तोलणाऱ्या दोघांना अचानक झगझगाट सोसावा लागतो. उंच नंदीध्वज तोलत चालणाऱ्याच्या डोळ्यांवर जवळून फ्लॅश मारणे हे तर धोक्याचेच आहे. त्याची नजर एक क्षण हरवली तरी भोवतीच्या गर्दीला इजा होऊ शकते. तेथे मानकऱ्यांची वाट मोकळी ठेवूनच उभे राहावे लागते.

मोबाइल फोन

फोनमधील रात्रीची पद्धत अनेक चित्रे एकावर एक रचून उजेड वाढवते. रोषणाई केलेल्या स्थिर मंदिरासाठी ती उत्तम आहे, पण हलणाऱ्या वादकाला त्यात दोन-दोन हात फुटतात. ती बंद करून, चेहऱ्यावर बोट टेकवून आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढून घेतलेले चित्र अधिक खरे येते. बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी शक्य तेवढे जवळ जावे.

इतिहास

वेगवान फिल्म येण्यापूर्वी मैफलीतील छायाचित्रे पुष्कळदा फ्लॅशने घेतली जात. कोडॅकची ट्राय-एक्स ही फिल्म १९५४ साली ३५ मिलिमीटर स्वरूपात आली. ४०० च्या या फिल्मला रसायनात जास्त वेळ ठेवून ८०० किंवा १६०० पर्यंत ओढले जाई. तिचा जाडसर रवा ही पुढे मैफलीच्या चित्रांची ओळखच बनली. अमेरिकेतील हर्मन लिओनार्ड यांनी जॅझ वादकांची धुरकट प्रकाशातील चित्रे घेताना रंगमंचाच्या दिव्यांजवळ स्वतःचे दिवे ठेवण्याची वेगळी रीत वापरली.

महाराष्ट्रात या छायाचित्रणाला मोठे क्षेत्र मिळाले ते शास्त्रीय संगीताच्या महोत्सवांतून. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव पंडित भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने १९५३ साली सुरू झाला आणि अनेक वर्षे तेथे रात्रभर मैफली रंगत. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी हिंदुस्थानी संगीतातील कलावंतांची छायाचित्रे दीर्घकाळ घेतली असून त्यांवर आधारित दिनदर्शिकाही काढल्या आहेत. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे उघड्यावरील मैफली संध्याकाळकडे सरकल्या, आणि छायाचित्रकारांना पहिल्या कलावंतासाठी तरी मावळतीचा प्रकाश मिळू लागला.

डिजिटल तंत्राने खरी मोकळीक दिली ती २००७ मध्ये आलेल्या निकॉन डी३ सारख्या कॅमेऱ्यांनी. आयएसओ ६४०० वर छापण्यायोग्य चित्र मिळणे फिल्मच्या काळात कल्पनेपलीकडचे होते.

नोंद आणि हक्क

नामवंत गायकांची हजारो छायाचित्रे उपलब्ध असतात. हलगीवाले, सनईवाले, बँडपथकातील तिसऱ्या ओळीतला वादक यांची चित्रे वृत्तपत्रांत आली तरी खाली ‘मिरवणुकीतील एक क्षण’ एवढेच लिहिलेले असते. कॅमेरा तारीख, वेळ आणि झडपेचा वेग आपोआप नोंदवतो. वादकाचे आणि पथकाचे नाव, वाद्य, गाव आणि प्रसंग छायाचित्रकाराला विचारून लिहावे लागते. नाव छापण्यास त्या व्यक्तीची संमती आहे ना, हेही त्याच वेळी विचारावे. पथकांना त्यांची चित्रे पाठवून दिल्यास पुढच्या वर्षी रस्त्यात उभे राहायला जागाही मिळते.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती त्याची कर्ता असते. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा प्रताधिकार कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. मंडळाने किंवा आयोजकाने पैसे देऊन काढून घेतलेली चित्रे मुक्त परवान्याखाली विश्वकोशासाठी द्यायची असतील, तर छायाचित्रकाराने आधी त्यांची लेखी परवानगी घेणे आवश्यक ठरते.